घोंगडीतली बॅटरी

ओरेस्ट बिलिन्स्कीला बॅटरीतलं सगळं कळतं, असं आमच्या गावाचं ठाम मत होतं. ते मत बनवण्यात माझा हात आहे, म्हणून ही हकीकत मीच सांगितलेली बरी. दुसरं कुणी सांगायला बसलं तर मला त्यात भली बाई करून टाकेल, आणि ते मला नको आहे.

मी व्हर्ना हाल्वर्सन. ब्रँट क्रीकमध्ये एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. कॅनडातल्या सस्काचेवानच्या जानेवारीत, पारा उणे चाळीसवर असताना, जिला सकाळी सहाला बस सुरू करायची असते तिला बॅटरी काय चीज आहे हे कुणी शिकवावं लागत नाही. पण मला कधी कुणी विचारलंच नाही. विचारायचं ते ओरेस्टला, कारण ओरेस्ट बोलतो छान. पेन्सिल कानावर, अंगठे पँटच्या पट्ट्यांत, आणि प्रत्येक वाक्याआधी एक मोठा पॉज. पॉज घेतला की माणूस शहाणा वाटतो. बसच्या ड्रायव्हरला पॉज घ्यायला वेळ कुठे असतो?

माणूस वाईट नाही हं. चौतीस वर्षं धान्याच्या कोठारावर वजन करायला होता. शेतकरी ट्रक काट्यावर घालायचे आणि पावती न बघता खिशात कोंबायचे. एकदा एकाचा गहू पोतंभर कमी लिहिला गेला, तर हा बर्फातून नऊ मैल गाडी हाकत त्याच्या दारात माफी मागायला गेला. तो शेतकरी म्हणाला, ‘‘अरे, फोन करायचास की.’’ तर हा म्हणतो, ‘‘फोनवर चेहरा दिसत नाही.’’ असा माणूस. निवृत्त झाला आणि बिचाऱ्याला काम उरलं नाही, तेव्हापासून तो मतं बाळगायला लागला.

त्याच्याकडे त्याच्या वडिलांची गाडी आहे. म्हणजे होती. एकोणसाठ सालची, आभाळी निळी, दोन दारांची, मागे माशासारखे पर. म्हाताऱ्या बिलिन्स्कीने गहू उदंड झाला त्या वर्षी ती रोख घेतली आणि पुढची तीस वर्षं फक्त रविवारी चर्चला जायला वापरली. गाडीच्या पुढच्या फळीवर एक छोटं घड्याळ आहे. म्हातारा दर रविवारी ते रेल्वेच्या घड्याळाशी मिळवून घ्यायचा. तो गेल्यावर ओरेस्टने मनाशी घेतलं की काय वाट्टेल ते होवो, बाबांचं घड्याळ थांबता कामा नये.

आणि तिथेच सगळी मेख आहे. आमच्याकडे अशा जुन्या गाड्या ऑक्टोबरात आत जातात त्या थेट मे महिन्याच्या मोठ्या सुट्टीला बाहेर येतात. सात महिने. ज्याला अक्कल आहे तो बॅटरीची वायर सोडून ठेवतो, नाहीतर चार्जर लावून ठेवतो. ओरेस्ट वायर सोडणार नाही, कारण घड्याळ थांबेल. चार्जर लावणार नाही, कारण – इथे पॉज – ‘‘झोपलेल्या अस्वलाला कुणी उठवून जेवायला घालतं का?’’ त्याचं म्हणणं, बॅटरीला थंडी बाधते ती उघडं ठेवल्यामुळे. म्हणून त्याने लोकरीची एक जाड घोंगडी बॅटरीभोवती तीनदा गुंडाळली, बॉनेट लावलं आणि म्हणाला, ‘‘निजू दे.’’

हे तो पहिल्यांदा बोलला ग्लॅडिस फेहरच्या हॉटेलात, सकाळच्या कॉफीला. आमच्या गावात जे काही ठरतं ते तिथे, दहा वाजता, फासे टाकून कुणी पैसे द्यायचे हे ठरल्यानंतर. मी कपात तोंड घालून हसले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे माणूस खड्ड्यात पडत असला तरी ‘जरा बघून हं’ इतकंच म्हणायची पद्धत आहे, आणि तेही पडून झाल्यावर.

ओरेस्टचं घर माझ्या शेजारीच, मी तडक तिथे गेले. त्याची बायको स्टेफी परोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, लाटत होती.

‘‘स्टेफी, तुझ्या नवऱ्याने बॅटरीला शाल पांघरलीय.’’

‘‘माझीच घोंगडी आहे ती,’’ स्टेफी म्हणाली. ‘‘मी माझ्या पायांवर घ्यायचे.’’

‘‘अगं, घोंगडीने ऊब येते जिवंत माणसाला. बॅटरी काय रक्ताची आहे का? ते घड्याळ थेंबथेंब पीत राहणार. नाताळपर्यंत बॅटरी रिकामी, आणि रिकामी बॅटरी गोठते. गोठली की फुटते.’’

‘‘मग सांग की त्याला.’’

‘‘तू सांग. तू बायको आहेस.’’

‘‘म्हणूनच तर मी सांगून उपयोग नाही.’’

स्टेफीने लाटणं पुन्हा उचललं. तो खट्टू झाला असता हो. नुकताच निवृत्त झालेला, वडील जाऊन वर्ष झालेलं, आणि पहिल्यांदाच लोक त्याच्याकडे कान देऊन ऐकत होते. मग स्टेफी म्हणाली, ‘‘गुरुवारी तो कर्लिंगला जातो. सात ते दहा.’’

बस्स. एवढंच ठरलं आमचं. दर गुरुवारी तो बर्फावर दगड सरकवायला गेला की मी माझा बसचा चार्जर घेऊन मागच्या दाराने यायचे. बॉनेट वर, घोंगडी बाजूला, चिमटे लावले, की दोघी आत चहा पीत पत्ते कुटायचो. पावणेदहाला चिमटे काढायचे, घोंगडी पुन्हा तीनदा गुंडाळायची, टोक डावीकडे खोचायचं. त्याने जसं खोचलं होतं तस्सं. मे महिन्यात सगळ्या गावासमोर ओरेस्टने किल्ली फिरवली आणि गाडी अशी सुरू झाली, जणू कालच बंद केली होती. घड्याळसुद्धा बरोबर.

त्या दिवशी ओरेस्टचा गुरू झाला.

पुढच्या वर्षी सहा जणांनी घोंगड्या आणल्या आणि वायरी जोडलेल्याच ठेवल्या. सहाच्या सहा बॅटऱ्या जानेवारीत गोठून फुटल्या. आता कुठल्याही शहाण्या गावात लोक म्हणाले असते, ओरेस्ट, हे काय रे? आमच्या गावात लोक म्हणाले, आपलंच काहीतरी चुकलं. ग्लॅडिसकडे तिच्या नवऱ्याची लाल गाडी होती. तिने कॉफी ओतता ओतता, चोरी पकडली गेल्यासारखं, हळूच सांगितलं, ‘‘ओरेस्ट, माझी फुटली रे.’’

‘‘घोंगडी कसली होती?’’

‘‘लोकरीचीच. म्हणजे… थोडी मिसळ असेल.’’

ओरेस्ट पॉज घेऊन म्हणाला, ‘‘हं.’’

त्या ‘हं’ने ग्लॅडिस वर्षभर रात्रंदिवस पोळली. दुसऱ्या वर्षी तिने अस्सल लोकरीची मागवली. फुटली. ‘‘कितीदा गुंडाळलीस?’’ ‘‘चारदा. थंडी फार होती ना.’’ ‘‘तीनदा, ग्लॅडिस. बॅटरीला श्वास नको का?’’ तिसऱ्या वर्षी मोजून तीनदा. फुटली. ‘‘डावीकडून की उजवीकडून?’’ तेव्हा तिला आठवेना. मग गाडी कशी बरं सुरू होणार! चौथ्या वर्षापासून लोक त्याच्या गॅरेजमध्ये येऊन घोंगडीचं टोक बघून जायला लागले. मी खोचलेलं टोक. ऑक्टोबरात हॉलमध्ये त्याचं व्याख्यान व्हायला लागलं. पुढच्या रांगेत वह्या.

तुम्ही म्हणाल, व्हर्ना, तुझी जीभ झडली होती काय? झडली नव्हती. पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर त्याची चूक निघाली असती. चौथ्या वर्षी सांगितलं असतं तर माझं चार वर्षांचं खोटं निघालं असतं. दर वर्षी सांगणं अवघड होत गेलं आणि गप्प बसणं सोपं. शिवाय खरं सांगू का, मला ते गुरुवार आवडायचे. माझा नवरा गेल्यापासून माझ्या घरात कुणी पत्ते काढले नव्हते.

अकरा वर्षं असं चाललं. आणि मग बाराव्या ऑक्टोबरात रॉजर पेल बोलला.

रॉजर पूर्वेकडच्या ओंटारिओ प्रांतातून आलेला. एकोणीस वर्षं झाली येऊन, म्हणून गावात त्याला ‘तो नवा माणूस’ म्हणतात. आयुष्यभर वायरमनचं काम केलेला, हुशार माणूस, फक्त एक खोड – मनात आलं की बोलतो. त्या सकाळी ओरेस्ट घोंगडी कुठल्या दिवशी उन्हात घालावी ते सांगत होता, तर रॉजरने कप आपटला.

‘‘ओरेस्ट, हे शुद्ध थोतांड आहे.’’

हॉटेलात चमचे थांबले. ग्लॅडिस धावली. ‘‘रॉजर, केक देऊ? ताजा आहे.’’

‘‘केक नको मला! अरे, वायर जोडलेली, घड्याळ चालू, चार्जर नाही, आणि उणे चाळीसात सात महिने? शक्यच नाही. तुझ्या गाडीला कुणीतरी चार्जर लावतं.’’

माझ्या हातातला बिस्किटाचा तुकडा कॉफीत पडला. कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे ओरेस्टकडे बघत होते. ओरेस्टचे कान लाल झाले. रॉजरचं बोलणं त्याला एकाच प्रकारे कळलं – की आपण चोरून करतो. काट्यावर चौतीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला.

‘‘मी?’’ तो उठून उभा राहिला. पॉज वगैरे काही नाही. ‘‘मी लबाडी करतो? ऐका सगळे. मे महिन्यात माझी गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली नाही, तर ती गावाची. कर्लिंगच्या हॉलचं छप्पर गळतंय ना? तिकिटं छापा, सोडत काढा, ज्याचं नाव निघेल त्याने बाबांची गाडी न्यावी. आणि गॅरेज आजच सील करतो. कोठारावर मालगाडीच्या डब्यांना लावायचो तसली शिशाची सीलं. रॉजर, तू स्वतः ये आणि नंबर लिहून घे.’’

‘‘ओरेस्ट, एवढं कशाला…’’ कुणीतरी म्हणालं. पण ग्लॅडिसच्या हॉटेलात दहा ते अकरामध्ये निघालेला शब्द परत घेता येत नाही.

तासाभरात स्टेफी कोट न घालता माझ्या दारात उभी.

‘‘व्हर्ना, माझ्या म्हाताऱ्याने गाडी घालवली गं! दोन्ही दारांना सीलं ठोकली. आता चार्जर कुठून आत नेणार?’’

‘‘तू सांग त्याला,’’ मी म्हणाले.

‘‘तू सांग,’’ ती म्हणाली. अकरा वर्षांनी आम्ही पुन्हा त्याच जागी उभ्या होतो, फक्त जास्त म्हाताऱ्या.

तिकिटं आठवडाभरात खपली. आता मजा बघा. ओरेस्टच्या पद्धतीवर ज्यांचा देवासारखा विश्वास होता, त्यांनीच मूठमूठभर घेतली. ग्लॅडिसने वीस. ‘‘सुरू होणारच गं त्याची,’’ ती मला म्हणाली, ‘‘पण छपराला मदत नको का?’’ श्रद्धा आपल्या जागी, तिकीट आपल्या जागी.

हिवाळा आला तो दात विचकतच. मी गुरुवारी सवयीने जायचे. चहा व्हायचा, पत्ते वाटले जायचे, आणि दोघी एकमेकींचं तोंड चुकवत बसायचो. सांगायचंय, सांगायचंय, आणि ‘हुकमाचं पान कुठलं?’ जानेवारीत पारा उतरला, तेव्हा एका दुपारी बघितलं तर ओरेस्ट गुडघाभर बर्फात गॅरेजच्या भिंतीला कान लावून उभा. खिडकीवर आतून बर्फाचा थर, त्यामुळे दिसत काहीच नव्हतं.

‘‘टिकटिकतंय!’’ त्याने मला हाक मारून सांगितलं. ‘‘ये, ऐक.’’

त्याने कानामागे हात धरला होता आणि त्या मनगटावर त्याचं घड्याळ होतं. तेव्हा तरी सांगायचं ना? मी म्हणाले, ‘‘छान.’’ स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं मला.

शेवटी सांगितलं ते एप्रिल संपता संपता. बर्फ वितळायला लागला होता आणि तिकिटांच्या सोडतीचा कागद चर्चच्या फळ्यावर लागला होता. त्याच्याच स्वयंपाकघरात, दुपारी तीनला, स्टेफी समोर. मी एका दमात बोलून टाकलं. गुरुवार, चार्जर, चिमटे, घोंगडीचं टोक, सगळं.

ओरेस्टने सगळं ऐकून घेतलं. मग स्टेफीकडे बघितलं. तिने मान हलवली.

‘‘किती वर्षं?’’

‘‘अकरा.’’

‘‘एक पण हिवाळा नाही? माझ्या पद्धतीने एक पण नाही?’’

‘‘नाही रे.’’

तो उठला आणि तळघरात गेला. आम्हाला वाटलं रडायला गेला. तर हातात सीलचा चिमटा आणि शिशाची डबी घेऊन वर आला, आणि दोन्ही टेबलावर ठेवून नुसता बघत बसला. त्या डबीत नंबरांचे ठसेही होते. हवा तो नंबर उठवता आला असता.

स्टेफीच्या ते तेव्हाच ध्यानात आलं. ‘‘मग झालंच की! सील काढ, नवी बॅटरी टाक, घड्याळ लाव, तोच नंबर पुन्हा ठोक. रॉजरला काय, त्याच्या बापाला कळणार नाही. ओरेस्ट, अरे बाबांची गाडी आहे ती!’’

‘‘माहीत आहे,’’ ओरेस्ट म्हणाला.

‘‘मी आत्ता जाऊन बॅटरी आणते,’’ मी म्हणाले. मनापासून म्हणाले. अकरा वर्षं केलं, अजून एकदा.

ओरेस्टने डबीचं झाकण उघडलं, एक शिशाची गोळी बोटांत फिरवली. बराच वेळ.  मग त्याने झाकण लावलं आणि सगळं उचलून पुन्हा खाली घेऊन गेला. ठेवायला की वापरायला, ते काही बोलला नाही, आणि पुढचे तीन आठवडे त्याने आम्हा दोघींशी त्यावर एक शब्द काढला नाही.

मे महिन्याच्या त्या शनिवारी सगळं गाव त्याच्या अंगणात. ग्लॅडिसने मोठ्या किटलीत कॉफी आणलेली. रॉजरने चष्मा लावून नंबर वाचले, कागदाशी ताडले आणि म्हणाला, ‘‘सीलं जशीच्या तशी.’’ मी ओरेस्टच्या तोंडाकडे बघत होते, त्यावरून काही कळेना. पक्कडीने तार कापली. दार वर गेलं. निळी गाडी धुळीखाली होती तशीच उभी होती, आणि खरं सांगते, त्या क्षणी मी देवाला म्हणाले, त्याने लबाडी केलेली असू दे.

ओरेस्ट आत बसला. किल्ली फिरवली.

टक.

पुन्हा फिरवलीच नाही. पहिली किल्ली म्हणजे पहिली किल्ली. तो खाली उतरला, बॉनेट उघडलं, घोंगडी सोडली. बॅटरीच्या कुशी पावासारख्या फुगलेल्या, एका बाजूला उभी चीर. स्टेफीने तोंडाला पदराएवढा रुमाल लावला. मला तर बघवेना.

ओरेस्ट लोकांकडे वळला. टोपी काढली.

‘‘माझी पद्धत कधीच चालली नव्हती. दर गुरुवारी मी कर्लिंगला गेलो की व्हर्ना येऊन बॅटरी चार्ज करायची. अकरा वर्षं. मला माहीत नव्हतं, पण मी छाती काढून बोलत राहिलो. ज्यांच्या ज्यांच्या बॅटऱ्या फुटल्या, त्यांची मी माफी मागतो. घोंगडीने काही होत नाही. वायर सोडा, नाहीतर चार्जर लावा. गाडी तुमची.’’

 कुणीतरी नाक शिंकरलं. मग ग्लॅडिसचा हुंदका फुटला.

‘‘बघा! याला म्हणतात मोठं मन! रॉजरला चारचौघांत अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून सगळं स्वतःवर घेतलं याने!’’

लोकांचे डोळे भरून आले.

‘‘अगं, खरं बोलतोय तो!’’ मी ओरडले. ‘‘मी करत होते! माझा चार्जर आहे, दाखवू का?’’

‘‘व्हर्ना, तू शेजारीण आहेस, तू त्याची बाजू घेणारच,’’ ग्लॅडिस माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. ‘‘आणि न चालायला काय झालं? अकरा वर्षं चाललीच ना? यंदा ती सीलं ठोकली. दारं बंद, हवा बंद. घोंगडीला श्वास नको का?’’

‘‘बरोबर,’’ मागून कुणीतरी म्हणालं. ‘‘सीलानेच घात केला.’’

‘‘अरे, पण मी बरोबर होतो!’’ रॉजर हातवारे करत म्हणाला. ‘‘मी ऑक्टोबरातच सांगितलं होतं! तो स्वतः म्हणतोय!’’

सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्याने मयताच्या घरी शिट्टी वाजवली. ग्लॅडिसने त्याच्या हातात केकचा तुकडा दिला. रॉजर तो धरून फाटकापाशी एकटा उभा राहिला.

सोडत तिथेच झाली. बरणीतून चिठ्ठी निघाली ती ग्लॅडिसची. वीस तिकिटं घेतल्यावर निघणारच. टाळ्या झाल्या, हळू हळू, रीतसर. ओरेस्टने खिशातून किल्ली काढली. ती देताना त्याचा हात एकदा मागे आला, एवढंच मी बघितलं.

‘‘ग्लॅडिस, नवी बॅटरी घाल. ऑक्टोबर आला की चार्जर लाव. आपोआप थांबणारा मिळतो तसला. भिंतीत खुपसायचा आणि विसरायचं. एवढं एक माझं ऐक.’’

‘‘ऐकेन,’’ ग्लॅडिस डोळे पुसत म्हणाली. ‘‘तू सांगशील तस्सं करेन. शब्द देते.’’

‘‘चार्जर लावशील?’’

‘‘लावेन.’’

ओरेस्टच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सुटल्यासारखा दिसला. गाडी गेली, पण निदान नीट जपली जाईल. तेवढ्यात ग्लॅडिस जवळ सरकली, आणि तिच्यामागे वह्यावाले सगळे सरकले. एकाने पेन्सिल ओलीसुद्धा केली.

‘‘फक्त एवढं सांग, ओरेस्ट. चार्जर कशात गुंडाळू?’’

‘‘कशातच नाही! पेट घेईल! उघडा ठेव, ग्लॅडिस, उघडा! देवा रे, आग लागेल बाबांच्या गाडीला!’’

तो ओरडला. ओरेस्ट बिलिन्स्की, ज्याने उभ्या जन्मात आवाज चढवला नव्हता. ग्लॅडिस दोन पावलं मागे झाली. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे, मऊ नजरेने, आजारी माणसाकडे बघतात तसं. ‘‘वडिलांची गाडी गेली ना,’’ कुणीतरी कुजबुजलं. ‘‘मनावर घेतलंय बिचाऱ्याने.’’ पेन्सिलवाल्याने मात्र वहीत लिहिलं आणि दबक्या आवाजात मलाच विचारलं, ‘‘उघडा म्हणजे तोंड खिडकीकडे करून का?’’

 ओरेस्ट गर्दीतून निघाला होता. स्वतःच्याच अंगणातून निघून जायचं कुठे, तर माझा ट्रक रस्त्याला उभा होता, त्यात जाऊन बसला. स्टेफीने मला खुणावलं, जा त्याला घेऊन कुठेतरी. मी आत बसले. मागे लोक निळ्या गाडीला धक्का देत अंगणातून बाहेर काढत होते. ओरेस्ट मागे वळून बघत नव्हता. मांडीवर घोंगडी होती, कधी उचलली कुणास ठाऊक.

‘‘व्हर्ना,’’ तो म्हणाला, ‘‘माझ्यासाठी एवढी थंडीत यायचीस. अकरा वर्षं. मग पहिल्याच वर्षी सांगितलं का नाहीस गं?’’

त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला उत्तर माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं. मी ट्रक सुरू केला, आरसा नीट केला.

‘‘आज ऊन बरं पडलंय,’’ मी म्हणाले.